परवान्यापासून पासवर्डपर्यंत

चिकलठाण्याचं नाव वर्तमानपत्रात वरचेवर येतं ते हवामानाच्या रकान्यात. छत्रपती संभाजीनगरचा पारा किती चढला, रात्रीत पाऊस किती पडला, हे सांगताना चिकलठाणा वेधशाळेचा आकडा दिला जातो. जालना रस्त्यावरचं हे जुनं गाव आता शहरात पुरतं मिसळून गेलं आहे. एका अंगाला विमानतळ, दुसऱ्या अंगाला एमआयडीसी, त्या एमआयडीसीतच सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडियाचं केंद्र, आणि या सगळ्यांच्या आजूबाजूला गावठाण, रो-हाउस, भाड्याच्या खोल्या, नव्या सोसायट्या. विमानतळाच्या मनोऱ्यातून वैमानिकाशी बोलणं होतं ते नेमून दिलेल्या लहरींवर, रीतसर परवान्यानिशी. जवळच्या घरात मात्र टीव्हीच्या शेजारी किंवा दारामागच्या कोपऱ्यात ठेवलेली वायफायची पेटी दिवसरात्र लहरी सोडत असते. तिला परवाना लागत नाही. ती किती सुरक्षित आहे, हेही बहुतेक घरांत कधी कुणी तपासलेलं नसतं.

घराघरातलं वायफाय भारतात जेमतेम वीस वर्षांचं. तेवढ्या काळातला सगळ्यात कठोर धडा महाराष्ट्राने २००८ च्या पावसाळ्यात घेतला, नवी मुंबईत आणि मुंबईत. त्यातून सरकार शिकलं, पोलीस शिकले, इंटरनेट कंपन्याही शिकल्या. घरांपर्यंत मात्र तो धडा नीट पोचलाच नाही.

पोस्टातलं रेडिओचं पुस्तक

बिनतारी लहरींवर सरकारची नजर फार जुनी आहे. ब्रिटिश सरकारने १८८५ साली तारायंत्राचा कायदा केला आणि १९३३ साली बिनतारी यंत्रांसाठी वेगळा कायदा आणला. बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगायलाही परवाना हवा, असा त्याचा दंडक होता. त्या काळी छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचं औरंगाबाद, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि संस्थानाचं स्वतःचं रेडिओ केंद्रही शहरात होतं. १९५० साली ते आकाशवाणीत सामील झालं.

स्वातंत्र्यानंतरही परवान्याची रीत चालूच राहिली. रेडिओ विकत घेतला की पोस्टातून परवान्याचं पुस्तक काढायचं, दरवर्षी शुल्क भरून नोंद करून घ्यायची. ज्यांच्या घरात साठ-सत्तरच्या दशकात रेडिओ होता, त्यांच्या ट्रंकेत अजूनही असं एखादं पुस्तक सापडतं. रेडिओ तर नुसता ऐकणारा. तो हवेत काहीच सोडत नाही. तरी कोणत्या घरात कोणता संच आहे याची सरकारदरबारी नोंद असायची. १९८० च्या दशकाच्या मध्यावर हे परवाने बंद झाले, तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास सोडला.

पुढचा टप्पा याहून मोठा होता. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं. ऑक्टोबर २००४ मध्ये केंद्राचं ब्रॉडबँड धोरण आलं. सेकंदाला २५६ किलोबिट एवढा किमान वेग असेल तर ते ब्रॉडबँड, अशी तेव्हाची व्याख्या. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलची ब्रॉडबँड सेवा सुरू झाली आणि त्याच महिन्यात सरकारने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. तेव्हाचं वायफाय मुख्यतः याच पट्ट्यात चालायचं. ज्या देशात ऐकण्यासाठीही परवाना लागायचा, तिथे आता कुणीही दुकानातून पेटी आणून घरातून लहरी प्रक्षेपित करू शकत होतं.

हा निर्णय योग्यच होता. तो झाला नसता तर आजची ऑनलाइन शाळा, घरून चालणारं ऑफिस, शेतकऱ्याच्या मोबाईलवरचा बाजारभाव, यातलं बरंचसं दिसलंच नसतं. पण परवाना गेला तेव्हा त्याच्यासोबत एक जबाबदारीही सरकारकडून घराकडे आली. ती आली आहे, हे घराला कुणी सांगितलं नाही.

२००८ चा पावसाळा

२६ जुलै २००८, शनिवारची संध्याकाळ. अहमदाबादेत पहिला स्फोट होण्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल आला. इंडियन मुजाहिदीन या संघटनेच्या नावाने आलेल्या त्या ईमेलमध्ये स्फोटांची आगाऊ जबाबदारी घेतलेली होती. त्या संध्याकाळी शहरात एकामागून एक स्फोट झाले आणि ५६ माणसं गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये विशेष न्यायालयाने या खटल्यात ४९ जणांना दोषी ठरवलं आणि त्यांतल्या ३८ जणांना फाशीची शिक्षा सुनावली.

तपास करणाऱ्यांच्या हाती पहिला धागा होता तो ईमेल. प्रत्येक ईमेलच्या मजकुरावर एक तांत्रिक भाग असतो. वाचणाऱ्याला तो सहसा दिसत नाही. कोणत्या सर्व्हरवरून पत्र निघालं, कुठून कुठे गेलं, किती वाजून किती सेकंदांनी, याच्या ओळी त्यात असतात. त्या काळच्या अनेक ईमेल सेवा पाठवणाऱ्याचा आयपी पत्ताही त्यात लिहीत. हा पत्ता आणि ती वेळ घेऊन पोलीस इंटरनेट कंपनीकडे जातात. त्या क्षणी तो पत्ता कोणत्या ग्राहकाला दिला होता हे कंपनी आपल्या नोंदींतून सांगते. अहमदाबादच्या ईमेलचा माग असा काढत पोलीस पोचले ते नवी मुंबईतल्या सानपाड्यात, एका इमारतीतल्या फ्लॅटच्या दारात. तिथे राहत होता कामानिमित्त भारतात आलेला एक अमेरिकन नागरिक.

त्याची चौकशी झाली, संगणक तपासले गेले, नाव जगभरच्या बातम्यांत आलं. त्याच्या घरातलं वायफाय उघडं होतं. ज्याने ईमेल पाठवला त्याला फ्लॅटमध्ये शिरावं लागलं नव्हतं, काही फोडावंही लागलं नव्हतं. लॅपटॉप घेऊन लहरींच्या टप्प्यात येऊन थांबणं पुरेसं होतं.

असं का घडू शकतं, हे समजायला जुना वाडा आठवावा. आत दहा बिऱ्हाडं, पण बाहेर दिंडी दरवाजा एक आणि पोस्टाचा पत्ताही एक. घरातला राउटरही तसाच वागतो. आतल्या फोनला, लॅपटॉपला, टीव्हीला तो वेगवेगळे अंतर्गत पत्ते देतो. बाहेरच्या जगाला मात्र त्या सगळ्यांचा मिळून एकच पत्ता दिसतो, आणि तो असतो बिल भरणाऱ्याच्या नावावर. आत कोण येऊन गेलं याची नोंद बहुतेक घरगुती राउटर फार काळ ठेवत नाहीत. म्हणून गुन्हा कुणाचाही असो, पोलीस आधी येतात ते बिलावरच्या नावाकडे.

सानपाड्यानंतर महिनाही लोटला नव्हता. २३ ऑगस्टला याच संघटनेच्या नावाने दुसरा ईमेल आला. त्याचा माग निघाला माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वायफायपर्यंत. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले आणि तेव्हाच्या ईमेलचा माग लागला चेंबूरमधल्या एका खासगी कंपनीच्या जाळ्यापर्यंत. घर, कॉलेज, कंपनी. पाठवणाऱ्याने तीनदा तीन वेगळ्या निरपराध पत्त्यांआडून काम साधलं.

ही पद्धत का निवडली गेली, तेही पाहण्याजोगं आहे. मे महिन्यात जयपूरच्या स्फोटांनंतर आलेला ईमेल गाझियाबादजवळच्या साहिबाबादमधल्या एका सायबर कॅफेतून गेला होता. कॅफेत मालक असतो, शेजारच्या खुर्चीवर कुणी बसलेलं असतं, चेहरा लक्षात राहतो. पोलिसांचं लक्ष कॅफेंवर गेलं तसा हा मार्ग धोक्याचा झाला. उघड्या वायफायला ना मालक लागत होता, ना खुर्ची. ऑक्टोबर २००८ मध्ये मुंबई गुन्हे शाखेने संघटनेच्या प्रसिद्धीचं काम पाहत असल्याच्या आरोपावरून काही जणांना अटक केली. त्यांत पुण्यात संगणक क्षेत्रात काम करणारा तरुणही होता. अशी जाळी हुडकायला फार मोठं तंत्र लागत नाही. तेव्हाचा साधा लॅपटॉपसुद्धा आसपासची सगळी वायफाय नावं दाखवायचा आणि कुठे पासवर्ड आहे, कुठे नाही, हेही सांगायचा.

पोलीस गाडीत, हुकूम कंपनीला

जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी एक वेगळी मोहीम हाती घेतली. पोलिसांची पथकं लॅपटॉप घेऊन गाडीतून हिंडू लागली आणि उघडी जाळी शोधून त्यांच्या मालकांना ती सुरक्षित करण्याच्या नोटिसा देऊ लागली. मुंबईसारख्या शहरात हे काम किती पुरं पडणार, असा प्रश्न तेव्हाही होता. पण घरातलं वायफाय हा सार्वजनिक सुरक्षेचा विषय आहे, हे सरकारी यंत्रणेने मान्य केल्याची ती पहिली ठळक खूण होती.

२३ फेब्रुवारी २००९ रोजी केंद्राच्या दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना वायफायबद्दल सविस्तर सूचना काढल्या. वायफायवरून इंटरनेट वापरणाऱ्याची ओळख केंद्रीय पातळीवर पटवली जावी, त्याच्या नोंदी राहाव्यात, सार्वजनिक ठिकाणी ओळखपत्र किंवा मोबाईल क्रमांक घेतल्याशिवाय जोडणी देऊ नये, असा त्यांचा रोख होता. आज रेल्वे स्थानकावर किंवा विमानतळावर मोफत वायफायला जोडताना आधी मोबाईल क्रमांक विचारतात आणि मग ओटीपी येतो, त्याचं मूळ या सूचनांमध्ये आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातली मोठी दुरुस्ती डिसेंबर २००८ मध्ये संसदेत मंजूर झाली आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली. सायबर दहशतवादाचं कलम तिच्यातच आलं. दुसऱ्याच्या संगणक जाळ्यात परवानगीशिवाय शिरणं हे मूळच्या २००० सालच्या कायद्यातच गैर होतं. आता लबाडीच्या हेतूने तसं केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. शेजाऱ्याचं वायफाय न विचारता वापरणं ही चेष्टामस्करी नाही, ती या कायद्याच्या कक्षेत येणारी गोष्ट आहे.

सार्वजनिक वायफायला यातून शिस्त लागली. घरात मात्र तसं काही घडलं नाही. प्रत्येक माणसाची वेगळी ओळख पटवणारी यंत्रणा घरगुती राउटरपर्यंत आलीच नाही. घरात एकच पासवर्ड असतो, तो आजोबांपासून पाहुण्यांपर्यंत आणि वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूपासून गणपतीत आरतीला आलेल्या मुलांपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतो. सूचना गेल्या त्या कंपन्यांच्या कचेऱ्यांत. ज्या खुंटीवर राउटर टांगला जाणार होता, तिथवर त्या उतरल्या नाहीत.

कळ चुकली ती कुठे

२००८ साली ज्यांनी वायफायला पासवर्ड लावला होता, तेसुद्धा सगळे सुरक्षित नव्हते. १९९७ साली वायफायचं पहिलं मानक आलं तेव्हा त्यात वेप नावाची गुप्तलेखनाची पद्धत होती. तारेच्या जोडणीइतकी गोपनीयता बिनतारी जोडणीला द्यायची, एवढाच तिचा दावा. प्रत्येक संदेशासोबत एक बदलता आकडा जायचा. तो २४ बिटांचा, म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख शक्यता. रहदारी वाढली की हे आकडे फिरून फिरून यायचे आणि ऐकणाऱ्याला मूळ कळीचा, म्हणजे संदेश उलगडणाऱ्या गुप्त किल्लीचा, अंदाज बांधता यायचा. २००१ साली फ्लूरर, मँटिन आणि शमीर या तिघा संशोधकांनी ही उणीव गणिताने मांडली. २००७ साली जर्मनीतल्या डार्मस्टाट विद्यापीठाच्या संशोधकांनी वेपची कळ एका मिनिटाच्या आत काढता येते, हे दाखवून दिलं.

त्याची किंमत मोजणारे पुढे मोठमोठे निघाले. अमेरिकेतल्या टीजेएक्स या दुकानसाखळीच्या जाळ्यात चोर शिरले ते दुकानाच्या वेप वायफायमधून. २००७ साली हे उघडकीला आलं तेव्हा किमान साडेचार कोटींवर कार्डांची माहिती चोरीला गेलेली होती.

अमेरिकेतल्याच मिनेसोटा राज्यातल्या ब्लेन गावची हकीकत तर थेट शेजारपाजारची आहे. तिथल्या एका माणसाने जुन्या भांडणाचा सूड घ्यायचं ठरवलं. सहज मिळणारी प्रणाली वापरून त्याने शेजारच्या कुटुंबाच्या वायफायची वेप कळ फोडली, शेजाऱ्याच्या नावाने अश्लील मजकूर पाठवला आणि २००९ साली तेव्हाचे उपाध्यक्ष जो बायडेन यांना धमकीचे ईमेलही धाडले. तपास यंत्रणा पोचल्या त्या अर्थातच शेजाऱ्याच्या दाराशी. शेजारी ज्या कंपनीत काम करत होता, तिने तपासनीस नेमून राउटरमधून जाणारी रहदारी नोंदवून ठेवली होती, म्हणून खरा माणूस सापडला. २०११ साली त्याला १८ वर्षांची शिक्षा झाली. सानपाड्यातल्या त्या रहिवाशाची आणि ब्लेनच्या या कुटुंबाची ओळख असण्याचं कारण नाही, पण दोघांवर ओढवलं ते एकच.

वेपची जागा घ्यायला २००३ साली डब्ल्यूपीए आलं, पाठोपाठ २००४ साली डब्ल्यूपीए-२. दुसऱ्यात एईएस ही आजवर टिकून राहिलेली भक्कम गुप्तलेखन पद्धत आहे. २००६ नंतर वायफायचं अधिकृत प्रमाणपत्र हवं असेल तर डब्ल्यूपीए-२ बंधनकारक झालं. २०१७ च्या ऑक्टोबरात बेल्जियममधले संशोधक मॅथी वानहोफ यांनी त्यातलीही एक फट दाखवली. ती फोन, लॅपटॉप आणि राउटर अद्ययावत केल्याने बुजवता आली. २०१८ साली डब्ल्यूपीए-३ आलं.

मधल्या काळात सोयीसाठी आणलेली एक गोष्ट मात्र घातक ठरली. डब्ल्यूपीएस नावाचं बटण आणि त्याचा आठ आकडी पिन. आठ आकडे म्हटल्यावर दहा कोटी शक्यता वाटतात. पण शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो आणि राउटर पिनचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे की नाही हे वेगळं सांगून टाकतो. त्यामुळे पहिल्या चार आकड्यांच्या दहा हजार आणि पुढच्या तीन आकड्यांच्या एक हजार, अशा अकरा हजार शक्यताच उरतात. २०११ च्या डिसेंबरात स्टेफान फीबॉक या संशोधकाने हे जाहीर केलं. जुन्या राउटरवर काही तासांत ही यादी संपते आणि मग कितीही अवघड पासवर्ड ठेवला असला तरी तो हाती लागतो.

मोबाईल नंबर आणि सव्वा तास

चिकलठाणा, मुकुंदवाडी, सिडको किंवा महाराष्ट्रातली कोणतीही वस्ती घ्या. जोडणी बसवायला आलेला मुलगा विचारतो, "काका, पासवर्ड काय ठेवू?" उत्तर ठरलेलं असतं, "माझा मोबाईल नंबरच ठेव, लक्षात राहतो." लक्षात राहतो हे खरं. तो दुकानाच्या पाटीवर असतो, लग्नपत्रिकेत असतो, सोसायटीच्या ग्रुपवर असतो, हेही तितकंच खरं.

नंबर कुणाला माहीत नाही असं धरलं, तरी गणित सोपं आहे. फोन वायफायला जोडताना राउटरशी चार संदेशांची देवाणघेवाण होते. पासवर्ड त्यात उघड जात नाही. पण जवळपास बसून ते संदेश टिपणाऱ्याला एखादा अंदाज बरोबर आहे की नाही हे पडताळण्याइतका मालमसाला मिळतो. मग तो घरी जाऊन, निवांतपणे, आपल्या संगणकावर अंदाज बांधत बसतो. राउटरला याचा पत्ताच नसतो, त्यामुळे अडवणारं कुणी नाही. भारतातला मोबाईल क्रमांक दहा आकडी आणि सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. खेळांसाठी विकलं जाणारं चांगलं ग्राफिक्स कार्ड डब्ल्यूपीए-२ चे दर सेकंदाला दहा लाखांच्या आसपास अंदाज तपासू शकतं. ४०० कोटींची यादी चार हजार सेकंदांत, म्हणजे सव्वा तासाच्या आत संपते. लेकराचं नाव आणि जन्मसाल असा पासवर्ड याहून लवकर पडतो.

आता दुसरं गणित. ओळखीच्या पाच हजार मराठी शब्दांची यादी धरा आणि तिच्यातून डोळे मिटून चार शब्द उचला. बुरूज, जोंधळा, खिडकी, मुंगूस, असे एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले. ते रोमन अक्षरांत सलग लिहा. सगळ्या शक्यता तपासायला त्याच कार्डाला वीसेक वर्षं लागतील. पाचवा शब्द जोडला तर जवळपास लाखभर वर्षं. वायफायच्या पासवर्डला ८ ते ६३ अक्षरांची मुभा असते, त्यामुळे पाच शब्द आरामात बसतात. आजीलाही सांगता येतील आणि पाहुण्यालाही. अट एवढीच की शब्द खरोखर आंधळेपणाने निवडलेले हवेत. म्हण, अभंगाची ओळ किंवा गाण्याचं धृपद चालणार नाही, कारण अंदाज बांधणाऱ्यांच्या याद्यांत तीच सगळ्यात आधी असतात.

याच्या जोडीला दुसरा पासवर्ड असतो आणि तो बहुतेकांना ठाऊकच नसतो: राउटरच्या आतल्या पानावर जाण्याचा. वायफायचा पासवर्ड घरात कोण येणार हे ठरवतो, हा दुसरा घराची व्यवस्था कोण लावणार हे ठरवतो. कारखान्यातून निघताना अनेक पेट्यांवर तो एकच असायचा, नावही 'ॲडमिन' आणि पासवर्डही 'ॲडमिन'. २०१६ साली मिराई नावाच्या दुष्ट प्रणालीने अशा साठेक ठरावीक जोड्यांची यादी घेऊन जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्या फौजेच्या माऱ्याने ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास डळमळल्या. भारतात जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड जाळ्यावर मालवेअरचा हल्ला झाला. मूळ पासवर्ड न बदललेले मोडेम त्याच्या तडाख्यात सापडले आणि पासवर्ड बदला असं आवाहन ग्राहकांना करण्यात आलं.

या दुसऱ्या पासवर्डातून होणारी हानी चटकन डोळ्यांना दिसत नाही. राउटर घरातल्या उपकरणांना संकेतस्थळांचे पत्ते कुणाला विचारायचे ते सांगतो. राउटरमधली ही नोंद कुणी बदलली तर बँकेचं नाव टाइप करूनही भलत्याच ठिकाणी नेलं जाऊ शकतं. २०१४ साली असे तीन लाखांवर छोटे राउटर आशिया आणि युरोपात आढळले होते. घरात चित्र नेहमीसारखंच असतं, मालिका चालू असते, मुलाचा गृहपाठ चालू असतो.

बसवणाऱ्याच्या हातात

मग घर बऱ्यापैकी सुरक्षित करायला काय लागतं? राउटरच्या पानावर जाऊन आतला पासवर्ड बदलायचा. सुरक्षेच्या यादीत डब्ल्यूपीए-३ असेल तर ते, नसेल तर डब्ल्यूपीए-२ एईएस निवडायचं. पाच शब्दांचा पासवर्ड ठेवायचा. डब्ल्यूपीएस बंद करायचं. बाहेरून राउटर हाताळण्याची सोय बंद ठेवायची. नवी आवृत्ती आली असेल तर ती घ्यायची. पाहुण्यांसाठी आणि स्वस्त कॅमेरा, स्मार्ट दिव्यांसाठी वेगळं गेस्ट जाळं उघडायचं, म्हणजे त्यांतलं एखादं बिघडलं तरी लॅपटॉपपर्यंत वाट जात नाही. महिन्याकाठी एकदा जोडलेल्या उपकरणांची यादी पाहायची. उत्पादकाने नवी आवृत्ती देणं थांबवलेला राउटर बदलायचा. वायफायचं नाव लपवण्याने किंवा उपकरणांचे ठरावीक क्रमांकच आत घेण्याने मात्र फारसं काही साधत नाही, कारण दोन्ही गोष्टी हवेतून सहज वाचता येतात. शंका आली तर केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राकडे मोफत साधनं आहेत. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० हा क्रमांक ताबडतोब लावायचा.

नवी जोडणी घेणाऱ्याच्या घरी हे सगळं काम दहा-पंधरा मिनिटांचं आहे. तरी ते होत नाही, याचं कारण लोकांचा आळस नाही. २००९ च्या सूचनांपासून आजपर्यंत ही जबाबदारी कंपनी आणि ग्राहक यांच्या मधल्या जागेत पडून राहिली. दुसऱ्या देशांनी ती उचलून पेटी बनवणाऱ्याच्या गळ्यात घातली. कॅलिफोर्नियाने २०२० पासून आणि ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून, सगळ्या नगांना एकच पासवर्ड देऊन उपकरणं विकायला कायद्याने मनाई केली. भारतात १८८५ आणि १९३३ चे जुने कायदे बाजूला सारणारा नवा दूरसंचार कायदा २०२३ साली झाला. त्याच्याखालच्या नियमांत घरातल्या राउटरचा विचार नेमकेपणाने व्हावा, ही मागणी ग्राहक संघटनांनी लावून धरायला हवी.

त्याची वाट पाहत बसायचीही गरज नाही. चिकलठाण्यासारख्या वस्तीत जोडणी बसवायला येणारी मुलं बहुतेक जवळपासचीच असतात, कुणी आयटीआय केलेली, कुणी पदविका घेतलेली. केबल ओढायची, भिंतीला भोक पाडायचं, वेग मोजून दाखवायचा आणि कागदावर ग्राहकाची सही घ्यायची, एवढं त्यांचं काम ठरलेलं आहे. त्या सहीच्या कागदावर चार ओळी वाढवाव्यात: राउटरचा आतला पासवर्ड बदलला, डब्ल्यूपीए-२ किंवा ३ लावलं, डब्ल्यूपीएस बंद केलं, वायफायचा पासवर्ड ग्राहकाने स्वतः टाइप केला. चारही रकाने भरल्याशिवाय सही नाही. स्थानिक केबलचालक हे उद्यापासून सुरू करू शकतात, सोसायट्या वार्षिक सभेत ठराव करून तशी मागणी करू शकतात, आणि ज्यांचे कर्मचारी घरून काम करतात त्या एमआयडीसीतल्या कंपन्या आपल्या माणसांच्या घरच्या राउटरसाठी हीच यादी लागू करू शकतात.